चित्रांचा ग्रुप आणि गावातलं पहिलं प्रदर्शन: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

मी लातूरचा, नोकरी कारकुनाची. शाळेत असताना एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, चित्रकलेशी नातं तेवढंच, मग चाळिशी ओलांडल्यावर डोक्यात आलं की परत ब्रश धरावा. पुण्या-मुंबईत ठीक आहे, तिथं क्लास आहेत, गॅलऱ्या आहेत, आपल्याकडं कुणाला विचारायचं हेच कळत नव्हतं. मग धडपडत चार-पाच जण जमलो, पाच वर्षात तीन प्रदर्शनं केली, त्यातलं पहिलं पार फसलं. आता उदगीर, परळी, जिंतूरहून कुणी ना कुणी फोन करून विचारतं की कसं सुरू करायचं, दर वेळी तेच सांगून घसा दुखतो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

१. आधी माणसं शोधा, तीन मिळाली तरी पुरे

सगळ्यात आधी शाळेतले ड्रॉइंगचे सर गाठा, रिटायर झालेले असतील तर अजून चांगलं, कारण त्यांना वेळ असतो आणि तालुक्यात कोण कोण चित्रं काढायचं याची यादी त्यांच्या डोक्यात असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेली पोरं त्यांच्याच हाताखालून गेलेली असतात.

दुसरं म्हणजे जुने बोर्ड पेंटर. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम गेलं, कुणी रिक्षा चालवतंय, कुणी पानपट्टी टाकली, पण हात अजून तोच आहे. आमच्याकडं एक पेंटर मामा आहेत, टेप-बिप न लावता भिंतीवर सहा फुटी सरळ रेघ मारतात. जलरंग त्यांनी जन्मात वापरला नव्हता, पण कुठला रंग कशात मिसळला की काय होतं हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांनाच जास्त कळतं.

तिसरं, रांगोळीवाल्या बायका. आमच्या गल्लीतल्या एक काकू दिवाळीत दारात चार बाय चारची रांगोळी काढायच्या, कागदावर या म्हटलं तर म्हणल्या "मला कुठं चित्र येतंय". सहा महिने लागले आणायला. आता सगळ्यात जास्त चित्रं त्यांचीच होतात. बायकांनी यावं असं खरंच वाटत असेल तर पहिल्या दिवसापासून दोघी-तिघींना सोबत बोलवा, एकटीला बोलावलं तर येणार नाही, आणि बसायची जागा घरच्यांना माहीत असलेली ठेवा.

इथली चूक: आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढायचा. आम्ही तेच केलं, १२० लोक भरले, रोज गुड मॉर्निंग, वाढदिवसाचे केक, आणि चित्र काढायला रविवारी आले किती तर दोघं. आधी चार रविवार सोबत बसा, मग ग्रुप काढा, आणि त्यात फक्त जागा आणि वेळ टाका.

२. वार आणि वेळ ठरवा, मग बदलू नका

आमचा रविवार, सकाळी साडेसहा ते नऊ. पाऊस असो, लग्न असो, कुणी ना कुणी जातंच. एकदा "या रविवारी नको, पुढच्या रविवारी बघू" झालं की ग्रुप संपला समजा, माझ्या डोळ्यासमोर दोन ग्रुप असेच विरले. साडेसहाच का, तर एप्रिल-मेमध्ये नऊनंतर बाहेर बसणं म्हणजे स्वतःला भाजून घेणं, आणि सकाळची तिरपी सावली चित्राला फार मदत करते, बारा वाजताच्या उन्हात सगळंच सपाट दिसतं.

३. सामान: कमी घ्या

दुकानात गेलं की २४ रंगांची पेटी डोळ्यात भरते, ती घेऊ नका. सुरुवातीला एवढंच लागतं:

- जलरंगाच्या ट्यूब सात: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, सॅप ग्रीन
- गोल ब्रश तीन: ४, ८ आणि १२ नंबर
- सरावाला कार्ट्रिज पेपर, नीट चित्राला ३०० जीएसएमचा जाड कागद
- परीक्षेचं पॅड किंवा प्लायचा तुकडा, मास्किंग टेप, २बी आणि ४बी पेन्सिल
- दोन प्लास्टिकचे मग, जुनं सुती कापड, पाण्याचा छोटा फवारा

कागदाचा पूर्ण शीट २२ बाय ३० इंचाचा येतो, त्याचे चार तुकडे केले की ११ बाय १५ मिळतो, सुरुवातीला तो भरपूर झाला. पातळ कागदावर पाणी पडलं की तो पापडासारखा फुगतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. रंग स्वस्तातला चालेल पण कागदात काटकसर करू नका.

काळ्या रंगाची ट्यूब मुद्दाम लिहिली नाही. आपल्याकडची काळी रानं काळ्या ट्यूबनं निघत नाहीत, चित्रात मेल्यासारखी दिसतात, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबर मिसळून बघा, नांगरलेल्या ओल्या रानाचा रंग तिथं सापडतो. ऑकर आणि सिएना तर आपल्याकडं सगळ्यात आधी संपतात, वाळलेलं गवत, मुरूम, मातीची घरं, सगळं त्यातच आहे.

फवारा का, तर आपल्या उन्हाळ्यात कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, द्यायला घेतला की अर्ध्यात जाईपर्यंत वरचा भाग वाळलेला असतो आणि मधे पट्टा पडतो. कागद दोन्हीकडून ओला करून पॅडवर चिकटवा, अधूनमधून फवारा मारा. आणि हो, २०१६च्या उन्हाळ्यात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात बसून आपण जलरंग करतोय, हे आमचे सर दर उन्हाळ्यात एकदा तरी बोलून दाखवतात. म्हणून पाण्याचे मग दोनच, एक ब्रश धुवायचा आणि एक स्वच्छ पाण्याचा, आणि उरलेलं पाणी झाडाला घालू नका, गटारात ओता, त्यात रंग असतो.

४. बाहेर बसून चित्र काढणं

सुरुवात गावातल्याच चौकातून करा. आम्ही गंज गोलाईत बसायचो, रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आधी, गोल इमारत आणि चारी बाजूंनी फुटणारे रस्ते, पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं दिसतं ते, शिकायला त्याच्यापेक्षा अवघड आणि चांगली जागा नाही. मग औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी असं लांब लांब गेलो. बीडवाल्यांना कंकालेश्वर आहे, पाण्यातलं मंदिर, नांदेडला गोदावरीचे घाट, संभाजीनगरला तर दरवाजेच दरवाजे, भडकल गेट, दिल्ली गेट, मकाई गेट, कुठंही बसा.

पुरातत्त्व खात्याच्या जागेत वही-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसलात तर आम्हाला तरी कुणी अडवलं नाही, पण ईझल, स्टँड असलं काही उभं करायचं असेल तर आधी गेटवरच्या माणसाला विचारा आणि भिंतीला, दगडाला टेकवून काही ठेवू नका. ओळखपत्र खिशात ठेवा.

गावात बसलं की लोक जमणारच. पहिल्यांदा एका वस्तीवर पॅड घेऊन बसलो तर एक आजोबा आले, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "काय सायेब, रस्ता हिकडून जायलाय का?" त्यांना वाटलं मी मोजणीवाला. नाही म्हणलं, चित्र काढतोय. तरी संध्याकाळपर्यंत गावात बातमी गेली की जमिनी जाणार. तेव्हापासून आम्ही बसायच्या आधी समोरच्या घरी सांगतो की मावशी, तुमच्या वाड्याचं चित्र काढतोय जरा, मग पाणी पण मिळतं, चहा पण मिळतो. आणि कुणाच्या घराचं चित्र काढलं तर दाखवून जा, ते न दाखवता पॅड मिटून निघून जाणं बरं नाही दिसत.

५. चित्र बघायची सवय लावा

हे लोक सोडून देतात आणि माझ्या मते निम्मी मजा इथंच आहे. आपण मराठवाड्यातले लोक, अजिंठा आपल्या अंगणात, आणि बहुतेकांनी तो शाळेच्या सहलीत बघितलेला, म्हणजे रांगेत उभं राहून "पुढं चला, पुढं चला" ऐकत. एकदा ग्रुपनं नीट जा. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ, हे न बघता निघालेले लोक दरवर्षी भेटतात. स्वतःची गाडी असली तरी ती फर्दापूर फाट्यावर लावून पुढं एसटीच्या बसनं जावं लागतं, म्हणून पहिल्या बसला हजर राहा, गर्दीच्या आधीचा एक तास सोन्यासारखा असतो. चित्रांच्या लेण्यात आत फ्लॅश चालत नाही.

सगळी लेणी एका दिवसात उरकायची नाहीत. १ नंबर आणि १७ नंबर, दोनच धरा. आत गेल्यावर पाच मिनिटं नुसते उभे राहा, बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्याला आतलं काही दिसतच नाही, मग हळूहळू रंग उमलतात. १ नंबरमधल्या पद्मपाणीपुढं, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वापुढं, उभं राहून चेहऱ्याकडं बघून झालं की नाकावर, हनुवटीवर उजळ रंगाचा हात कुठं दिलाय ते शोधा, अंधारात चेहरा वर उचलून यायला तेवढं पुरतं. भिंतीवर चिखल-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग, म्हणून त्याला सरसकट फ्रेस्को (ओल्या चुन्यावरच रंगवलेलं चित्र) म्हणतात ते तितकं बरोबर नाही. पिवळी आणि तांबडी गेरू माती त्या डोंगरातलीच, निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानातून आलेला. म्हणजे ऑकर घरचा आणि निळा बाहेरचा, महागाचा, हे माहीत झालं की भिंतीवर निळा कुठं कुठं वापरलाय हे आपोआप बघितलं जातं.

असंच गावातल्या प्रदर्शनात करा. पन्नास चित्रं असतील तर एक चक्कर भरभर मारा, मग जिथं पाय अडखळला अशा तीन चित्रांपुढं परत या आणि पाच-पाच मिनिटं थांबा. लांबून, मग जवळून, मग परत लांबून. "याचा अर्थ काय" हे शेवटी विचारलं तरी चालतं.

६. पैसे, पदं आणि रजिस्ट्रेशन

पहिली दोन वर्षं रजिस्ट्रेशनच्या भानगडीत पडू नका. संस्था नोंदवायची तर कमीत कमी सात जण लागतात, घटना, ठराव, पत्त्याचा पुरावा, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा आणि मग दरवर्षी हिशोब द्यायचा. हे सगळं करण्याआधीच अध्यक्ष कोण यावरून आमच्यात तोंडं फिरली होती, दोघं जण अजून बोलत नाहीत. एक वही घाला, महिन्याला शंभर रुपये वर्गणी, दर महिन्याला हिशोब मोठ्यानं वाचून दाखवायचा, बास.

७. प्रदर्शन: तारीख आणि जागा

किमान पाच जणांची प्रत्येकी सहा-सात बरी चित्रं झाली की मगच विचार करा. तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा शेताकडं बघा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, या काळात खेड्यातलं माणूस येणार नाही. एप्रिल-मे लगीनसराई आणि ऊन, फेब्रुवारी-मार्च परीक्षा, शाळेचा हॉल मिळत नाही. आचारसंहिता लागली तर सरकारी सभागृहाचं काही खरं नसतं. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरं, त्यात आठवडी बाजाराचा दिवस आलाच पाहिजे.

जागेसाठी काय लागतं:

- अर्ज दोन प्रतीत, एकावर शिक्का मारून पोच घ्यायची, हे विसरू नका
- दोघांच्या आधारची झेरॉक्स, सहभागी लोकांची नावं
- तारखा, वेळ, रात्री कुलूप कुणाकडं राहणार ते लिहून
- डिपॉझिट भरलं तर पावती

आम्ही पोच घेतली नव्हती. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी गेलो तर हॉल दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलेला आणि "तुमचा अर्ज आलाच नाही" असं उत्तर. काय बोलणार. माईक लावायचा नाही असं ठरवून टाका, त्याच्या परवानगीचा वेगळा ताप वाचतो.

८. फ्रेम करायची का

पहिल्या प्रदर्शनाला काचेची फ्रेम नको, खर्च डोक्यावर बसतो. सगळ्यांनी एकाच मापाचं माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड कागदाची चौकट, करा, १५ बाय २० इंच, पांढरं किंवा मोतिया, वरून पारदर्शक प्लास्टिक शीट, दोरीला क्लिपनं टांगायचं, सारख्या मापामुळं हॉल पण नीटनेटका दिसतो.

फ्रेम करणारच असाल तर लक्षात ठेवा, आपल्या गावातल्या फ्रेमवाल्याचा हात देवाच्या फोटोवर बसलेला असतो, सोनेरी नक्षी तो न विचारता लावतो. त्याला कागदावर लिहून द्या: साधी पट्टी, मधे माउंट, काच चित्राला टेकता कामा नये, सेलोटेप लावायची नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्र कापायचं नाही. माझं एक चित्र फ्रेममध्ये बसेना म्हणून एका कारागिरानं खालून अर्धा इंच उडवलं, सहीसकट. भांडून काय उपयोग, माप मी तोंडी सांगितलं होतं. काच चित्राला टेकली तर पावसाळ्यात ओल धरते आणि बुरशीचे ठिपके येतात, ते परत जात नाहीत.

९. चित्रं लावणं

भिंतीला खिळे मारायचे नाहीत, मंडपवाल्याकडून बांबू आणि प्लायचे पार्टिशन घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येऊ द्या, आपल्याकडं हौसेनं फार वर टांगतात आणि लोक मान वर करून फिरतात. टांगून झालं की पंखा फुल करून बघा, आमची अकरा चित्रं पहिल्या रात्री उडून पडली होती, म्हणून खालून पण दोन क्लिप लावा. काच असेल तर समोर ट्यूबलाइट नको, माणसाला चित्राच्या जागी स्वतःचं तोंड दिसतं.

खालच्या चिठ्ठीवर नाव, माध्यम, माप आणि किंमत. फोन नंबर प्रत्येकाचा टाकू नका, काकूंना नंतर महिनाभर नको ते फोन यायला लागले होते, टेबलावरचा एकच नंबर द्या. विकलेल्या चित्राला लाल ठिपका लावतात, आम्ही लाल टिकली लावतो, पाकीट पाच-दहा रुपयांचं, वर्षभर पुरतं.

१०. उद्घाटन करू नका

हे माझं ठाम मत, ग्रुपमधल्या निम्म्यांना पटत नाही. पहिल्या वेळी आम्ही पाहुणे बोलावले, पत्रिका छापली, हार, शाली, नारळ, पाहुणे दीड तास उशिरा आले, मग भाषणं, मग चहा-फराळ, आणि चित्रांच्या हॉलमध्ये पाहुणे चार मिनिटं होते, त्यात दोन मिनिटं फोटोची. जमलेल्या खर्चातला अर्ध्याहून जास्त पैसा त्या एका संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी बघायला आले तीन जण, त्यातला एक चुकून, दवाखाना शोधत आलेला.

दुसऱ्या वेळी बाजाराच्या रस्त्यावरच्या शाळेचा व्हरांडा घेतला, उद्घाटन नाही, काही नाही, दारात एक फळा, त्यावर पेंटर मामांच्या हातची अक्षरं: "चित्रं बघायला या, फुकट". भाजीच्या पिशव्या घेऊन लोक आले. माझं बैलजोडीचं एक चित्र होतं, मला त्याचा फार अभिमान, एक शेतकरी दादा त्याच्यापुढं उभे राहिले ते हलेचनात. मी जवळ गेलो की आता तारीफ होणार. ते म्हणले, "ही देवणी काढली का तुमी?" हो म्हणलं, देवणी ही आपल्याकडची गाय-बैलांची जात, शेवेरा आणि वानेरा हे तिचेच प्रकार. "मग कान असे उभे कसे? देवणीचे कान लोंबते असत्येत. अन् ठिपके हायत म्हणजे ही शेवेरा झाली, वानेराचं तोंडच काळं असतंय." मग पुढची वीस मिनिटं त्यांनी मला बैल समजावून सांगितला. माझ्या चित्राकडं इतका वेळ दुसरं कुणी बघितलेलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या गोठ्यात जाऊन बसलो.

अभिप्रायाची वही ठेवली तर लोक "छान", "खूप छान" लिहून मोकळे होतात. वर प्रश्न लिहून ठेवा: कुठल्या चित्रापुढं जास्त वेळ थांबलात आणि का? मग वाचण्यासारखं काहीतरी येतं.

११. किंमत

कागद-माउंटचा खर्च आणि वर तुमच्या कामाचे पैसे, मापानुसार ठरवा, मनाला येईल तशी नको, एकाच मापाच्या दोन चित्रांत चौपट फरक असला की लोक हसतात. "आपलंच आहे, एखादं दे की" म्हणणारे पाहुणे येणारच, त्यांना हसून पावतीपुस्तक दाखवायचं. पैसे मिळाले तरी शेवटच्या दिवसापर्यंत चित्र भिंतीवरून उतरवायचं नाही.

१२. गावाबाहेर पाठवायचं तर

एकदा फोन आला की "तुमची निवड राष्ट्रीय प्रदर्शनासाठी झालीय, अडीच हजार भरा, ट्रॉफी मिळेल". चित्र न बघता निवड करतात आणि आधी पैसे मागतात, अशांच्या नादी लागू नका. आमच्यातल्या तिघांकडं अशा ट्रॉफ्या आहेत. प्रवेश फी चांगल्या ठिकाणीही असते, पण तिथं आधी चित्राचा फोटो मागतात आणि चक्क नाकारतात पण. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन असतं, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि कलाकारांचा वेगळा. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची आहे, तिचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. जहांगीर आर्ट गॅलरीचं स्वप्न बघायला हरकत नाही, पण तिथं तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

पाठवायच्या आधी प्रत्येक चित्राचा नीट फोटो घ्या, दिवसा, सावलीत, समोरून. रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्यानं अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून भिंतीवरच्या चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या, त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन १८७२ पासून परत तेच काम करत बसले, त्यातल्याही शंभरावर १८८५ला लंडनमध्येच जळाल्या. आपल्याकडं मोबाईल आहे, दोन मिनिटांचं काम.

एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनं पाठवताना काच काढून टाका, अ‍ॅक्रेलिकची शीट लावा, चार कोपऱ्यांना पुठ्ठा, दोन चित्रं एकमेकांकडं तोंड करून, मधे थर्माकोल, आणि सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळून मग खोक्यात. खोक्यावर नाव-नंबर दोन बाजूंनी लिहा. खोकं कुणाला फेकू देऊ नका, चित्रं परत यायला तेच लागतं.